पुठ्ठ्यात गेलेलं गायन मंडळ

माझ्या हातून हजारो पुस्तकं गेली असतील, पण त्यातली वाचली असतील जेमतेम शंभर. हे सांगितलं की लोकांना हसू येतं. हलवायानं मिठाई चाखू नये असं कुणी म्हणत नाही, मग बाइंडरनं पुस्तक का वाचू नये? पण आमच्या धंद्यात वाचणं हा चक्क दोष समजतात. माझे अब्बा नांदेडला जिल्दसाज, म्हणजे बाइंडर होते. मी लहानपणी खळ लावता लावता एखादं पान वाचू लागलो की ते हातातली घड्या दाबायची हाडाची पट्टी माझ्या बोटांवर हलकेच मारायचे. "तुला शिवायला दिलंय, वाचायला न्हाई," म्हणायचे. लोक विश्वासानं कागद देतात, त्यात त्यांची भांडणं असतात, वाटण्या असतात, सोयरिकी असतात. आपण फक्त कडा जुळवायच्या. हा नियम मी तीस वर्षं इमानेइतबारे पाळला, आणि त्या नियमानंच मला एकदा असं तोंडघशी पाडलं की अजून आठवलं तरी मान खाली जाते. तेच सांगायला बसलोय.

आधी धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सुटे कागद आले की त्यांचे छोटे छोटे जुडगे करायचे, ते एकमेकांना दोऱ्यानं शिवायचे. याला आम्ही जुजबंदी म्हणतो. मग पाठीला खळ लावून शिकंज्यात आवळायचं, कडा कापायच्या, वर पुठ्ठा चढवायचा आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कोरा कागद डकवायचा. तो कोरा कागद म्हणजे अस्तर. चिकटवायला जुन्या पद्धतीनं मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे किडा लागत नाही. खळीचा मोठा गुण असा की पन्नास वर्षांनीही ओल्या फडक्यानं ती सुटते. केलेलं काम निस्तरता येतं. हे सगळ्याच धंद्यांत होत नाही.

गिऱ्हाइकं म्हणाल तर नाना तऱ्हेची. एक वकीलसाहेब होते, त्यांना फाइल जाड दिसायला हवी असायची. मधे कोरे कागद घालून शिवायला लावायचे आणि कोर्टात ती टेबलावर धप्पकन आदळायचे. दुसरे एक निवृत्त तलाठी. त्यांनी चाळीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणून दिल्या आणि तीन खंड बांधून घेतले. का विचारलं तर म्हणाले, "कुणी बोलावलं आणि कुणी न्हाई, हे नंतर लोक नाकबूल करतात." त्या खंडांवर मी सोनेरी अक्षरांत 'स्नेहसंबंध' असं छापून दिलं. ते खूश होऊन गेले, आणि मीही पोट धरून हसलो.

नांदेडमध्ये अब्बांच्या हाताखाली धंदा शिकलो आणि लग्नानंतर लातूरला स्वतःचं दुकान टाकलं. त्या काळी लातुरात क्लासेसचं पीक जोमात येऊ लागलं होतं. दहावी झाली की हदगाव, नायगाव, हिमायतनगरपासून पोरं-पोरी पत्र्याची पेटी घेऊन लातूरच्या स्टँडवर उतरायची. क्लासवाले सुट्या कागदांवर नोट्स द्यायचे. ते कागद वाऱ्यावर उडू नयेत म्हणून आमच्याकडे यायचे. फिजिक्सला लाल पाठ, केमिस्ट्रीला हिरवी, बायोलॉजीला निळी, हा रंगांचा नियम मीच पाडला. पुढे सगळ्या लातुरात तो चालू झाला. कुणी पेटंट घेऊ दिलं असतं तर आज मीही बंगल्यात असतो, असं मी बायकोला सांगतो. ती ऐकून घेते.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होते चौसाळकर सर. फिजिक्स शिकवायचे. उंच, शिस्तीचे, खडूनं माखलेल्या बोटांचे. या सरांचा आणखी एक नाद होता. गावात निजामाच्या काळात सुरू झालेलं एक गायन मंडळ होतं. दर शनिवारी संध्याकाळी बैठक भरायची. सरांचे वडील त्याचे पहिले चिटणीस आणि त्यांच्यानंतर सर. मंडळाच्या जुन्या खोलीत एक लाकडी कपाट होतं, त्यात सुरुवातीपासूनचा कारभार होता असं म्हणतात. मी कधी उघडून पाहिलं नाही.

मग भूकंप झाला. किल्लारीकडचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, ते मी नव्यानं सांगत नाही. लातूर शहर उभं राहिलं, पण भिंतींना भेगा गेल्या आणि माणसांच्या मनालाही. मंडळाच्या खोलीची मागची भिंत फाटली. तिथली पेटी, तबले, सतरंज्या सरांनी घरी नेल्या आणि कपाट रिकामं केलं.

पंधरा-वीस दिवसांनी क्लास पुन्हा सुरू झाले. बारावीचं वर्ष कुणासाठी थांबत नाही. सरांनी नोट्सचे गठ्ठे पाठवले आणि माझ्याकडे पुठ्ठा संपला होता. बाहेरून माल घेऊन येणारे ट्रक सगळे मदतीच्या सामानात गुंतलेले. तेव्हा मी जुनी युक्ती काढली. रद्दी कागदावर कागद डकवत दहा-बारा थर चढवले आणि दाबून वाळवले की चांगला टणक पुठ्ठा तयार होतो. त्यासाठी जाड, जुना, हातकागदासारखा कागद उत्तम. सरांना विचारलं, रद्दी आहे का? म्हणाले, "आहे की. मंडळाच्या कपाटातली अर्धं पोतं आहे. उर्दूतल्या वह्या, कोणाला वाचता येत नाहीत, उंदरांनी कुरतडल्यात. घेऊन जा." मी स्वतः सायकलवर पोतं घालून आणलं.

मला उर्दू येते. अब्बांनी घरी शिकवली होती. पण पोत्यातलं एक पानही मी वाचलं नाही. शिवायला दिलंय, वाचायला नाही. वह्या उसवल्या, पानं सुटी केली आणि थरावर थर चढवू लागलो.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस खळ चालली. मग अब्बा नांदेडहून आमची खुशाली बघायला आले. मी मोठ्या पातेल्यात मैदा शिजवत होतो. त्यांनी पातेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "लोकं तिकडं तंबूत बसून राहिलेत, पीठ पीठ करून राहिलेत, अन् तू पिठाचा डिंक करून राहिलास?" त्या दिवसापासून खळ बंद केली आणि प्लॅस्टिकच्या डब्यातला पांढरा गोंद आणला. अब्बा म्हणाले ते खरंच होतं, आजही मी तसंच करेन. पण पांढरा गोंद एकदा वाळला की सुटत नाही. पाणी लावा, वाफ द्या, तो आपला ढिम्म.

तयार झालेली लाल पाठीची पुस्तकं घेऊन पोरं आपापल्या गावी गेली. मीही विसरून गेलो.

आता रहीमचाचा. माझ्या दुकानाला लागून त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. शर्ट-पायजमे शिवायचे आणि शनिवारी संध्याकाळी मशीनवर कापड झाकून मंडळात तबला वाजवायला जायचे. तरुण वयापासून. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट ठरलेली असायची. "मंडळ सुरू केलं ते आम्ही सात जणांनी. पहिल्या वहीत पहिल्या पानावर माझी सही हाय." लोक हो हो म्हणायचे. गावात त्यांना सगळे 'मंडळाचा तबलजी' म्हणत आणि चाचांना नेमका तोच शब्द बोचायचा. "तबलजी बोलावून आणतेत, बेटा," मला सांगायचे. "मला कोणी बोलावलं न्हाई. म्या मेंबर हाय."

भूकंपानंतर पंधराएक वर्षांनी, मंडळाला साठ वर्षं होणार म्हणून सरांनी स्मरणिका काढायची ठरवली, तेव्हा चाचा ऐंशीच्या घरात होते. हात थरथरायचे, तबला सुटला होता, मशीनही. रोज सकाळी माझ्या दुकानात स्टुलावर येऊन बसायचे. मंडळही तसंच थकलं होतं. शनिवारची संध्याकाळ क्लासनं खाल्ली होती, नवीन पोरं गाण्याकडे फिरकत नव्हती. मी त्याच क्लासच्या नोट्सवर जगत होतो, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करणार!

सर मंडळाची मराठी वही बांधायला घेऊन आले. त्यांच्या वडिलांच्या सुरेख अक्षरातली. उर्दू दफ्तर बंद झाल्यावर त्यांनी जुना मजकूर मराठीत उतरवून काढला होता. पहिल्याच पानावर 'संस्थापक' असं लिहून खाली आकडे घालून सहा नावं होती. चाचांचं नाव नव्हतं.

स्टुलावर बसलेल्या चाचांनी विचारलं, "सर, किती नावं हायेत?"

"सहा, चाचा."

"सात पाहिजेत."

सर अवघडले. माणूस चांगला, कुणाला दुखवणारा नव्हे. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "युसूफभाई, चाचांचा मान आम्ही करूच. शाल देऊ, फोटो छापू. पण संस्थापक म्हणून नाव कसं घालू? ते म्हणतात सही केली. त्यांना तेव्हा सही येतच नव्हती. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकले ते, माझ्या डोळ्यांसमोर. मी लहान होतो, पण मला आठवतं. माझ्या वडिलांनी लिहिलेलं मी कशाच्या आधारावर खोडू?"

सर गेल्यावर चाचा माझ्याजवळ सरकले. माझ्या मनगटावर हात ठेवला. "बेटा, तुला उर्दू वाचता येते. ती पहिली वही शोध. शाल नको मला. पुस्तकात नाव पाहिजे. माझ्या मागं माझी नातवंडं तबलजीची नातवंडं म्हणवून घेतील, त्यापरीस मेंबरची म्हणवू देत."

मी हो म्हणालो. उर्दू वह्या, अर्धं पोतं, सायकल. सगळं एकदम समोर उभं राहिलं.

तीन दिवस मी चाचांच्या नजरेला नजर दिली नाही. चौथ्या दिवशी सरांच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं, की ती वही मी पुठ्ठ्यात घातली, वाचता येत असून एक अक्षर न वाचता. वाटलं होतं सर संतापतील. ते म्हणाले, "पोतं दिलं कुणी? मीच ना?" उठले आणि आतून त्या वर्षीच्या बॅचची हजेरी घेऊन आले. फिजिक्सवाल्यांची शिस्त अशा वेळी उपयोगी पडते. एका एका नावासमोर गाव लिहिलेलं होतं.

मी दुकान मुलीच्या हवाली केलं आणि एसटीनं निघालो. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी घरोघर जाऊन विचारत होतो, 'बारावीच्या नोट्सचे पुठ्ठे आहेत का?' बऱ्याच घरांत नोट्स कधीच्याच रद्दीत गेलेल्या. नायगावला एका घरात आतले कागद नव्हते, पण नुसते लाल पाठीचे पुठ्ठे टीव्हीखाली टेकू म्हणून होते. त्या बाईंनी टीव्ही उचलून ते काढून दिले आणि त्या जागी पाट सरकवला. म्हणाल्या, "बघा, मजबूत किती! पंधरा वर्षं हालला न्हाई टीव्ही." स्वतःच्या कामाची तारीफ ऐकून इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

ते पुठ्ठे नशिबानं खळीचे निघाले. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले, आणि सकाळी एकेक थर अलगद सोडवला. शाई जरा पसरली होती, पण वाचता येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच पुठ्ठ्याच्या आतलं वाचलं. कुठल्या शनिवारी कोण गायलं, कुठला राग, किती जण आले. एका पानावर लिहिलं होतं की तबला उतरला, सूर जुळेना, म्हणून चहा पिऊन बैठक आटोपली. दुसऱ्यावर, की शहरात धामधूम आहे, बाहेर फिरू नये असा हुकूम आहे, तरी चौघं जण आले आणि दार लावून हळू आवाजात गायले. चाचांचं नाव जागोजाग होतं, पण 'तबला, रहीम' एवढंच. त्यातून ते मेंबर होते की बोलावलेले, हे ठरत नव्हतं.

हिमायतनगरला दोन पुठ्ठे मिळाले, तेही खळीचे, त्यांतही मधलीच पानं. पहिलं पान मिळालं हदगावात. त्या बॅचमधला एक मुलगा आता तिथं डॉक्टर आहे. दवाखान्यात त्याच्या खुर्चीमागं फळीवर फिजिक्सचं लाल पुस्तक जसंच्या तसं उभं होतं. "याच्यावर पास झालो, काका. टाकवत नाही," म्हणाला. मी पुठ्ठ्याच्या आतलं, सुटत आलेलं अस्तर नखानं उचकटलं. खाली जुन्या पानाची कोरी बाजू होती. पुस्तक खिडकीच्या उजेडात धरलं तर पलीकडच्या बाजूची झिरपलेली अक्षरं उलटी, पुसट दिसली. डॉक्टरनं दाढी करायचा आरसा आणून दिला. आरशात वाचलं. मंडळाचं नाव होतं आणि त्यापुढे शब्द होते, 'पहिली बैठक'. खालचं काही लागत नव्हतं.

मी थुंकी लावून कोपरा चोळला. हलला नाही. पांढरा गोंद होता.

डॉक्टरला सगळं सांगितलं. त्यानं पुस्तकाचा पुढचा पुठ्ठा ब्लेडनं कापून माझ्या हातात दिला. म्हणाला, "पुस्तक परत बांधून द्याल ना?" मी त्याचे हात धरले.

लातूरला आल्यावर विचार करत बसलो. लिहिलेली बाजू आत, दुसऱ्या थराला चिकटलेली. पानाच्या बाजूनं सोडवायला गेलो तर पान फाटणार. मग लक्षात आलं, पांढरा गोंद वाळला की काचेसारखा पारदर्शक होतो. म्हणजे पान सोडवायचंच नाही. उलट्या बाजूनं पुठ्ठ्याचे थर तासत यायचं आणि गोंदापाशी थांबायचं. गोंदातून शाई दिसेल. अर्धा केस जास्त तासलं तर शाईही जाईल.

चार दिवस लागले. आधी ब्लेड, मग पॉलिश पेपर, शेवटी नुसतं बोटाचं टोक. रोज सकाळच्या उजेडात दोन तास काम करायचो, डोळे दुखले की थांबायचो. चाचा स्टुलावर बसून बघत असायचे. मी त्यांना खरं सांगितलं होतं की वहीचे हे हाल मीच केलेत. ते रागावले नाहीत. म्हणाले, "कापड चुकीचं कापलं तर दर्जी काय करतो? जोड देतो. तू जोड दे." चौथ्या दिवशी गोंदाखाली अक्षरं वर येऊ लागली. आधी तारखेची ओळ, मग ठराव, मग सह्या. मी मोजत गेलो. एक, दोन, तीन. तिसरी सरांच्या वडिलांची होती. चार, पाच, सहा. सहावीच्या खाली काही नव्हतं. नुसता एक गोल काळपट डाग होता.

मी चाचांकडे पाहिलं नाही. खरं सांगतो, एक वाईट विचार मनात येऊन गेला. या गावात आता उर्दू वाचणारे उरलेत किती? मी सरांना म्हणालो असतो, सातवी सही आहे, रहीम दर्जी. कोण तपासणार होतं? अब्बा असते तर हाडाची पट्टी बोटांवर बसली असती.

मी फडक्यानं धूळ पुसली आणि भिंग धरलं. डागात रेषा होत्या. वळणावळणाच्या, एकात एक. तो डाग नव्हता, अंगठा होता.

बाजूला नाव लिहिलेलं नव्हतं. सात मित्रांत अंगठा देणारा एकच, तेव्हा नाव लिहायची गरज त्यांना वाटली नसेल. आणि पुढे सरांच्या वडिलांनी मराठीत मजकूर उतरवला तेव्हा सह्या वाचून नावं लिहिली असणार. अंगठा काय वाचणार आणि कसा उतरवणार? तो राहून गेला. मुद्दाम राहिला की चुकून, ते आता सांगायला कुणी नाही.

सरांना बोलावलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. चष्मा काढून पुसला. "सात आहेत," म्हणाले. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "पण हा कुणाचा, हे सिद्ध व्हायला हवं. युसूफभाई, शाईचा पॅड आहे का? चाचांचा अंगठा घेऊन जुळवून बघू. दोन मिनिटांचं काम."

मी पॅड काढून ठेवला. चाचांनी पॅडकडे पाहिलं आणि उजव्या हाताची मूठ वळून अंगठा आत घेतला. लहान पोरानं खाऊ लपवावा तशी मूठ झाकून बसले.

"अंगठा देणार न्हाई," म्हणाले.

"चाचा, तुमच्याच फायद्यासाठी…"

"न्हाई म्हटलं ना!" त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "चाळीस वर्षं झाली, म्या कुठंच अंगठा देत न्हाई. बँकेत न्हाई, रेशनला न्हाई. कंदिलाखाली पाटी गिरवली म्या. बायकापोरं हसायची. नका छापू नाव. तबलजी म्हणा. पण अंगठा न्हाई."

इतकी वर्षं हा माणूस 'सही केली, सही केली' म्हणत आला होता. ते खोटं होतं. पण खोटं बोलत नव्हता तो. त्याला फक्त जगाला अंगठा सांगायचा नव्हता. आणि मी चार दिवस तासून तासून नेमका तोच उजेडात आणला होता. तोंड फिरवून मी शिकंज्याशी उगाच खटपट करत राहिलो.

चाचा उठले. पुठ्ठ्यापाशी आले. डोळे अधू, त्यांना काय दिसलं असेल कोण जाणे. पण त्या गोल खुणेवर त्यांनी बोट फिरवलं. गोंदाची गुळगुळीत काच होती वर. बराच वेळ बोट तिथंच राहिलं.

"निशाणी माझीच हाय," ते म्हणाले, आता अगदी हळू. "रात्रभर तबला वाजवून बोटं सुजली होती. दौतीतच बुडवला अंगठा. हे समदे हसले होते. मग तुमच्या वडिलांनी स्वतःच्या रुमालानं माझा अंगठा पुसला, सर." बोट उचलून म्हणाले, "पण आता मला सही येते."

सरांनी पॅड मिटवून माझ्याकडे सरकवला. बांधायला दिलेली ती मराठी वही टेबलावर होती, ती उघडली. वडिलांच्या अक्षरातली सहा नावं. त्यांच्या खाली त्यांनी आपल्या हातानं सातचा आकडा घातला, खिशातलं शाईचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि चाचांच्या हातात दिलं.

चाचा स्टुलावर बसले. मी वही त्यांच्या मांडीवर धरली. हात इतका थरथरत होता की पेन कागदाला टेकेपर्यंतच मिनिट गेलं. र झाला. मग ही. मग म, त्याची गाठ सुटली, ती त्यांनी परत भरली. आडनाव लिहिताना तीनदा थांबले. सर उभे होते, दोन्ही हात मागं बांधून, वर्गात पोरगा फळ्यावर लिहीत असताना उभे राहायचे तसे. शेवटी चाचांनी वरची रेघ ओढली, वाकडी, लांब, सहाही नावांच्या पुढं जाणारी.

मी सवयीनं वही मिटायला हात घातला.

"थांब बेटा," चाचा म्हणाले. "वाळू दे."